कलेचे मोल आणि मानधन

दुर्गा खोटे यांचे नाव निघाले की 'अयोध्येचा राजा'मधील तारामती आठवते, नाहीतर 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई. कुलीन घरातील सुशिक्षित स्त्रीने चित्रपटव्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली, असे त्यांच्याविषयी नेहमी म्हटले जाते. ते खोटे नाही. परंतु या गौरवात एक साधी वस्तुस्थिती झाकली जाते. त्या तेथे गेल्या त्या प्रतिष्ठा वाटण्यासाठी नव्हे, अर्थार्जनासाठी.

मुंबईच्या सधन लाड कुटुंबात १९०५ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण सेंट झेवियर महाविद्यालयापर्यंत. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली, ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि दोन मुलगे वाढवायचे होते. १९३१ सालच्या 'फरेबी जाल'मधील लहानशा कामाने त्यांच्यावर लोकनिंदाच ओढवली. पुढच्याच वर्षी 'प्रभात'ची तारामती आली आणि निंदकांची तोंडे बंद झाली. (समाजाची नीतिमत्ता यशापुढे किती लवकर नमते, हे येथे पाहण्यासारखे आहे.)

त्या काळी नट-नटी म्हणजे कंपनीचे मासिक पगारावरचे नोकर. श्रम विकणारे अनेक आणि घेणारा एकच, अशा बाजारात भाव घेणाराच ठरवतो. दुर्गाबाईंनी एकाच कंपनीशी बांधून घेण्याचे नाकारले. १९३४ साली कलकत्त्यात देवकी बोस यांच्या 'सीता'मध्ये काम, १९३६ मध्ये पुन्हा 'प्रभात'च्या 'अमर ज्योती'त सूड घेणारी चाचेसरदार सौदामिनी, आणि १९३७ मध्ये तर 'साथी'ची स्वतःच निर्मिती. हॉलिवूडमध्ये बेटी डेव्हिस १९३६ साली कराराविरुद्ध न्यायालयात हरली. ऑलिव्हिया डी हॅविलँडला १९४४ साली न्यायालयातूनच सुटका मिळवावी लागली. आपल्याकडे हे वर्तुळ एका स्त्रीने खटल्यावाचून ओलांडले. अर्थात तिच्या पाठीशी शिक्षण होते, घराणे होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

त्यांच्या अष्टपैलुत्वाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. साहित्य संघाच्या रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई, शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये मॅक्बेथच्या पत्नीच्या तोडीची भूमिका, 'बॉबी'तील आजी, १९७४ च्या 'बिदाई'तील आई. शिवाय लघुपट व जाहिरातपटांची संस्था. वय वाढले की नायिकेचे काम संपते. दुर्गाबाईंचे संपले नाही, कारण त्यांनी एका साच्यावर उपजीविका टांगलीच नव्हती. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार हा पन्नास वर्षांच्या या कष्टांचाही सन्मान होता.

हे सारे यवतमाळ जिल्ह्यात बसून वाचणाऱ्याला दूरचे वाटू नये. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, अंगणवाडीत काम करणारी बाई, आणि 'तेरवं' या नाटकातील अभिनेत्री. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या व हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. प्रेक्षकांचे डोळे पाणावले, सत्कार झाले, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली.

परंतु कापसाचा पैसा बुडाला, कर्ता पुरुष गेला, मुले लहान, म्हणून बाई घराबाहेर पडली, हे दोन्ही कथांचे मूळ एकच असले तरी त्यांचा हिशेब एकच नाही. दुर्गाबाई आपल्या कामाची किंमत सांगू शकत होत्या. अंगणवाडीतील बाईला शासन आजही वेतन देत नाही, 'मानधन' देते. हौशी रंगभूमीवरही शब्द तोच आहे. ज्या कामाला वेतन म्हणायचे नाही, त्याचा भाव मागण्याचा अधिकारही उरत नाही. संमेलनाच्या व्यासपीठावर त्या दिवशी या बाईचा शब्द ऐकायला सारा महाराष्ट्र जमला होता. तिच्या अंगणवाडीतल्या दिवसभराच्या कामाला वेतन हा शब्द लावावा, एवढा ठराव मात्र कोणी मांडल्याचे आठवत नाही.