शजऱ्यात आजीचे नाव हवे

पुष्कळ घरांत घराण्याचा शजरा असतो. त्यात आजोबा, पणजोबांची नावे असतात; आजी, पणजीचे नाव क्वचितच सापडते. हे मला योग्य वाटत नाही.

ही नावे कोठे शोधावीत? भारतात १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली. पण १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार प्रत्येक माणसाची माहिती गुप्त ठेवतात. त्यातून गावाची लोकसंख्या कळते, आजीचे नाव कळत नाही. निकाहनाम्याचे तसे नाही. त्यात वधूचे व तिच्या वडिलांचे नाव, मेहरची रक्कम, वकील आणि साक्षीदार यांची नावे असतात. एकाच कागदावर दोन घराणी भेटतात!

कोणी म्हणेल, जुन्या कागदांचा काय उपयोग? पण जिचे नाव कोणी लिहिले नाही, ती दोन पिढ्यांत विसरली जाते. जुने निकाहनामे बहुधा उर्दूत असतात, तर जमिनीचे कागद मराठीत, फार जुने असल्यास मोडी लिपीत. तुम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकता. म्हणून हे काम तुम्हीच करावे. घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा, निकाहनामा वाळवीपासून जपा आणि शजऱ्यात आजीचे नाव लिहा.