नामंजूर करा, पण सकारण
ज्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तेथे अतिवृष्टी समजावयाची, असा शासनाचा दंडक असल्यामुळे, भोकरदनपासून मंठ्यापर्यंत जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील कपाशी आणि मोसंबीच्या बागाईतदारांना स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा हा नुकसानभरपाईचा पहिला पुरावा वाटतो, आणि ते यथार्थच आहे.

असे आकडे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे एचटीटीपी पद्धतीने जातात, तेव्हा मूळ मजकुराच्या अगोदर 'हेडर' नावाच्या ओळी जातात. त्यांतील प्रत्येक नावात रोमन अक्षरे, अंक आणि ठरावीक पंधरा चिन्हे एवढेच चालते, असे जून २०२२ च्या आरएफसी ९११० या प्रमाणलेखाने निश्चित केले आहे. मोकळी जागा आणि देवनागरी वर्ज्य. हा निर्बंध मला जाचक वाटत नाही. कारण संदिग्ध हेडरचा अर्थ दोन सर्व्हरांनी निरनिराळा लावला, की त्या फटीतून एका विनंतीच्या आड दुसरी विनंती दडवून आत घुसविता येते.

माझी तक्रार आहे ती नियमभंगानंतरच्या वर्तनाविषयी. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने अपाची प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केलेल्या निफाय या विदाप्रवाहाच्या प्रणालीत नोंदीला जोडलेल्या गुणधर्मांचे नाव कसेही ठेवता येते आणि त्यांतील निवडक गुणधर्म हेडर म्हणून रवाना करता येतात. समजा, कोणी 'मंडळ संकेतांक' असे सरळ मराठी नाव दिले आणि वाटेतल्या प्रणालीने ते अवैध म्हणून निमूटपणे गाळले, तर ७२ मिलिमीटर पाऊस मुक्कामी पोहोचेल, पण तो अंबडचा की परतूरचा हे कळावयास मार्ग उरणार नाही. ही भीती काल्पनिक नव्हे. एन्जिनएक्स हा बहुप्रचलित सर्व्हर अवैध नावेच काय, अधोरेषा असलेली नावेही मूळ मांडणीत गाळतो, आणि त्याची वर्दी नेहमीच्या त्रुटिनोंदीत उमटत नाही. नाव परस्पर बदलून घेणे हा उपायही घातकच. अधोरेषा आणि संयोगचिन्ह यांना एकच मानले की दोन भिन्न हेडर एकरूप होतात आणि कोणाचे मूल्य ग्राह्य धरावे हे ठरविता येत नाही.

तहसील कचेरीत अपुरा अर्ज आला तर त्याची आवक बारनिशीत नोंद व्हावी आणि त्रुटीचा शेरा मारूनच तो परत जावा, हीच रीत येथेही हवी. सदोष नोंद मूळ नावासह, कारण लिहून, अपयशाच्या वेगळ्या वाटेला लावावी. मराठी नावे यूटीएफ-८ मधील मजकुरात खुशाल ठेवावीत, तेथे त्यांना कसलीही आडकाठी नाही. शासनाने निविदेच्या शर्तींत हे स्पष्ट कलम घालावे, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी चाचणीत मुद्दाम एक देवनागरी नाव सोडून ते कोठे जाऊन पडते याचा लेखी अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयाने मागवावा.