पोर्ट ८० वर कोण बसलंय?

परवा डेमोच्या आदल्या रात्री माझ्या व्हर्च्युअल मशीनमधला वेब सर्व्हर काही केल्या दिसेना. मी सरळ लॅबच्या होस्ट मशीनवरचं अपाची बंद केलं. माझं पान झळकलं, पण ज्युनियर्सची सबमिशनची साइट झोपली. बिचारे रात्रभर जागे!

याला ट्रबलशूटिंग नाही, दादागिरी म्हणतात. एका आयपी पत्त्यावरचा टीसीपी पोर्ट सहसा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. नॅटमध्ये गेस्टला बाहेरून गाठायचं तर होस्टचाच पोर्ट फॉरवर्ड करावा लागतो, म्हणून भांडण. आधी 'नेटस्टॅट' मारून कोण बसलंय ते बघायचं, मग होस्टचा ८०८० गेस्टच्या ८० कडे वळवायचा. दोन मिनिटांचं काम हो! ब्रिज्ड केलं तर गेस्टला स्वतःचा आयपी मिळतो. पण तो अ‍ॅडमिन सरांना विचारूनच.

ज्युनियर्सची माफी मागून झाली. चहा अजून बाकी आहे.