घाशीरामचा प्रकार कोणता?

साहित्यात एखादे हुकमी, सत्ताधारी पात्र भेटले की त्याचा व्यक्तिमत्त्वप्रकार ठरवून टाकण्याची ओढ हल्ली वाढली आहे. सोळा प्रकारांच्या यादीतील ‘सेनापती’ हा प्रकार तर अशा पात्रांसाठी जणू राखीवच असतो. विरार-बोळिंज परिसरातील आमच्या वर्गांतही विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’विषयी हा प्रश्न येतो. प्रश्न गैर नाही. मात्र त्याच्या उत्तरापाशी वाचन थांबते, हे आम्हांस धोक्याचे वाटते.

वर्गीकरणाची हौस नवी नव्हे. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार भेद सांगितले. दर्प, मत्सर, कपट व आत्मश्लाघा ही धीरोद्धताची लक्षणे घाशीरामला सहज चिकटवता येतात. पुढे १९२१ मध्ये युंगने मानसिक प्रकारांची मांडणी केली आणि कॅथरिन ब्रिग्ज व इझाबेल मायर्स या मायलेकींनी तीवरून सोळा प्रकार सिद्ध केले. या सर्वांत लक्षणे शोधली जातात ती एकट्या व्यक्तीच्या ठायी.

१९७२ मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक नेमके याच गृहीतकाला छेद देते. पुण्यात आलेल्या घाशीरामकडे कसलीही हुकमत नाही. चोरीचा आळ येऊन तो मार खातो, अपमानित होतो आणि हाकलला जातो. सूडाने पेटून तो आपली मुलगी गौरी नानांच्या स्वाधीन करतो व बदल्यात कोतवाली मिळवतो. त्याचे क्रौर्य त्याचे स्वतःचे आहे, त्यातून त्याची सुटका नाही. परंतु त्याची सत्ता उसनी आहे. शहर खवळताच नाना त्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतात आणि जमाव त्याला ठेचून मारतो. नेमणूक आणि मृत्युदंड या नानांच्या दोन हुकमांच्या मधल्या काळापुरताच हा ‘सेनापती’ अस्तित्वात असतो. आधीचा लाचार उपरा आणि नंतरचा उद्ध्वस्त बाप यांना कोणत्या प्रकारात घालणार?

शिवाय रंगमंचावर ती मानवी भिंत आहेच. ओळीने उभे असलेले ब्राह्मण गातात, नाचतात, कधी दृश्य उघडे करतात, तर कधी पाठ फिरवून झाकतात. त्यांच्या या सोयीस्कर पाठ फिरवण्यावाचून ना नानांची विलासिता टिकती, ना घाशीरामची दहशत.

येथे प्रकार आणि आदिबंध यांतील भेद ध्यानी घ्यायला हवा. दोन्ही संकल्पना युंगच्याच, पण त्यांची कामे निराळी. प्रकार माणसाला वेगळा काढून तपासतो. ‘छाया’ हा आदिबंध मात्र ‘ही छाया कोणाची?’ असे विचारायला भाग पाडतो. घाशीराम ही नानांची आणि त्या शहराची छाया आहे. स्वतःत जे पाहवत नाही, ते त्यांनी त्याच्यावर लादले आणि वेळ येताच त्यालाच मारून स्वतःला शुद्ध ठरवले. त्याच्या मृत्यूनंतर उत्सव होतो आणि नाना जागच्या जागी राहतात.

म्हणूनच आमचे मत असे की, घाशीरामच्या स्वभावात सगळ्या अनर्थाचे मूळ शोधणारा वाचक नकळत नानांच्या बाजूस जाऊन उभा राहतो. नानांनाही हेच हवे असते: दोष एका माणसाचा, आणि तो माणूस आता उरलेला नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने प्रकार जरूर ठरवावा. पण हुकूम कोणाच्या सहीने सुटतो, तो कोण पाळतो आणि त्या वेळी भिंतीचे तोंड कोणीकडे असते, हे पाहिल्याशिवाय त्याने पुस्तक मिटू नये.