कपाशीचं फूल आणि कवितेची ओळ

वाटूर परिसरात कपाशी फुलते तेव्हा एकदा बांधावर थांबून पाहा. आज उमललेलं पिवळसर पांढरं फूल उद्या गुलाबी झालेलं दिसेल. हा रंगबदल शेतकरी रोज बघतो, पण तो टिपून ठेवणारा विरळाच. कवी ना. धों. महानोर तसे होते. आपल्याच मराठवाड्यातले, अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडचे. कॉलेज सोडून शेतात उतरले आणि १९६७ मध्ये ‘रानातल्या कविता’ हा संग्रह आला. त्यांची ज्वारी, पाऊस, पाखरं शोभेपुरती नाहीत. पेरणी चुकली तर घर उपाशी राहतं, हे ठाऊक असलेल्या माणसाची ती भाषा आहे. म्हणून ‘जैत रे जैत’ चित्रपटातली त्यांची गाणी आजही ताजी वाटतात. विधान परिषदेत गेले तिथेही शेती आणि पाण्यावर बोलले. सीताफळाची बाग त्यांनी कवितेइतक्याच निगुतीने वाढवली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले. त्यांची आठवण म्हणून परतूर-मंठ्याकडच्या शाळांतल्या गुरुजींना, बाईंना एवढीच विनंती : यंदा निबंधाला मुलांना त्यांच्याच शेतातलं एक पीक द्या, आणि आधी ते नीट बघून यायला सांगा.