पावसाळ्यात मिटलेली घरे

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत वसलेल्या महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणूनच जांभ्या दगडाच्या भिंतींना झडीपासून वाचविण्यासाठी मृगापूर्वी त्यांवर गवताचे जाड आवरण बांधण्याचा रिवाज तेथे पूर्वापार होता. त्याची जागा पत्र्याने आणि ताडपत्रीने घेतली, याचा मला खेद नाही; खेद वाटतो तो उन्हाळा सरताच कुलूप लावून पुण्या-मुंबईस परतणाऱ्या मालकांच्या औदासीन्याचा.

घराचा घात सहसा वादळाने होत नाही. पन्हळीत साचलेला पाला पाण्याची वाट अडवितो, तुंबलेले पाणी कौलांखाली शिरते, वाशाचे टोक मऊ पडते, आणि कोंदट खोलीत गाद्यांवर व पुस्तकांवर बुरशीचा करडा थर चढतो. उघडीप पाहून खिडक्या उघडणारा, पन्हळ साफ करणारा राखणदार असला, तर यातील पुष्कळसे टळते. त्याचा पगार मेअखेर तोडून त्याच्याकडून पावसाळाभर इमानाची अपेक्षा करणे, हा माझ्या मते उघड अन्याय आहे. बारमाही वेतन आणि किरकोळ दुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम त्याला मिळालीच पाहिजे; आणि निखळलेला पत्रा शेजाऱ्याच्याही जिवावर बेतू शकत असल्यामुळे, बेवारशासारख्या सोडलेल्या घरांची मृगापूर्वी तपासणी करून दुरुस्तीचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अखत्यार गिरिस्थान नगरपरिषदेने निःसंकोच वापरावा, व तो अपुरा असल्यास शासनाने वाढवून द्यावा.