भर दुपारीही उजळेल चेहरा

लग्न लागते, पंगती उठतात आणि नवरा-नवरी कार्यालयाच्या अंगणात फोटोसाठी उभे राहतात. माथ्यावर बाराचे ऊन असते. पुढे अल्बम हाती येतो तेव्हा शालू झगझगीत दिसतो, मुंडावळ्या चमकतात. पण डोळ्यांच्या जागी मात्र दोन काळ्या सावल्या! तो क्षण काही पुन्हा येत नाही.

फ्लॅश अंधारासाठीच असतो, असा अनेकांचा समज असतो. खरे तर त्याची सर्वांत जास्त गरज अशा भर दुपारीच असते. डोळ्यांखालची सावली तोच भरून काढतो. मात्र इथे एक अडचण येते, ती शटरची.

बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांत फिल्म किंवा सेन्सरपुढे दोन पडदे असतात. वेग वाढवला की पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो आणि दोघांमधली फट सरकत जाते. फ्लॅश तर क्षणभरच चमकतो. त्यामुळे फोटोचा एक पट्टाच उजळतो आणि बाकीचा भाग काळपट राहतो. म्हणून जुन्या कापडी पडद्यांच्या अनेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी १/६० सेकंद, तर नंतरच्या धातूच्या पडद्यांत साधारण १/१२५ ते १/२५० सेकंद अशी मर्यादा असते.

लीफ शटरची रचना वेगळी असते. ते लेन्समध्येच बसवलेले असते. त्याच्या पातळ धातूच्या पाकळ्या मध्यापासून उघडतात आणि पुन्हा मिटतात. वेग कोणताही असो, एक क्षण तरी वाट पूर्ण मोकळी होते. त्यामुळे सर्व वेगांना फ्लॅश चालतो. १९५७ चा स्वीडिश हॅसलब्लाड ५००सी आणि एके काळी आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंत दिसणारे दोन भिंगांचे याशिका मॅट, दोन्हींत १/५०० सेकंदापर्यंत ही सोय आहे.

याचा फायदा काय? १०० स्पीडची फिल्म आणि लख्ख ऊन असेल, तर १/१२५ ला एफ/१६ ठेवावे लागते. ३२ गाइड नंबरच्या फ्लॅशचा प्रकाश तेव्हा ३२ भागिले १६, म्हणजे दोनच मीटर पुरतो. १/५०० ला मात्र एफ/८ चालते आणि तोच फ्लॅश चार मीटरपर्यंत पोहोचतो. नवरा-नवरीसोबत आजी-आजोबाही चौकटीत मावतात! शिवाय मागच्या खुर्च्या आणि गाड्या थोड्या पुसट होतात, हा आणखी एक लाभ.

पडद्यांच्या अनेक नव्या कॅमेऱ्यांत हाय स्पीड सिंकची सोय असते. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता अतिशय भराभर लुकलुकत राहतो. पण त्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते आणि पल्ला घटतो. लीफ शटरमध्ये हे नुकसान होत नाही. म्हणूनच २०१६ मध्ये आलेल्या हॅसलब्लाड एक्स१डी या डिजिटल कॅमेऱ्यासाठीही लीफ शटरच्याच लेन्स बनवल्या गेल्या. त्यांत १/२००० सेकंदालाही फ्लॅश चालतो.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. शक्यतो सूर्य फोटो काढून घेणाऱ्यांच्या पाठीशी असावा, म्हणजे त्यांचे डोळे दिपत नाहीत. लेन्स एफ/८ वर असेल, तर ऑटो फ्लॅश एफ/५.६ वर ठेवावा. सावली भरून निघते, तरी चेहरा फ्लॅशने रंगवल्यासारखा दिसत नाही. जुन्या शटरवर एम आणि एक्स अशा खुणा असतील, तर एक्सच निवडावा. एम ही खूण जुन्या, एकदाच पेटणाऱ्या बल्बांसाठी होती.

आजोबांचा कॅमेरा कपाटात पडून असेल, तर तो थेट कार्यात नेऊ नये. वर्षानुवर्षे न वापरल्याने तेल घट्ट होते आणि पाकळ्या रेंगाळतात. एक रोल आधी घरच्या अंगणात काढून पाहावा, आणि तोही आजीला समोर बसवून! तो फोटोही कार्यातल्या फोटोइतकाच मोलाचा ठरेल.